वाचक विचारतात : प्रोव्हिडेन्सिया, चाच्यांचं आणि खेकड्यांचं बेट

गेल्या अंकात कॅरिबियन समुद्रावर जो लेख होता, त्यात प्रोव्हिडेन्सिया या बेटाच्या वाट्याला चारच ओळी आल्या होत्या : क्षेत्रफळ १७ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे पाच हजार, मालकी कोलंबियाची, आणि कधीकाळी चाच्यांचा अड्डा. त्या चार ओळींवर पत्रं मात्र भरपूर आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द अधोरेखित केलेला होता, तो म्हणजे खजिना. त्याचंही उत्तर खाली दिलं आहे, पण रांगेत मागे. आधी बेट तरी नीट बघू.

औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज लुटणारा इंग्रज चाचा पुढे प्रोव्हिडन्स बेटावर जाऊन लपला, असं वाचलं होतं. ते हेच का? (वाचक, गिरगाव)

नाही. घोटाळा नावाचा आहे, आणि तो तीनशे वर्षं जुना आहे. हेन्री एव्हरीने 'गंज-इ-सवाई' लुटलं ते सप्टेंबर १६९५ मध्ये. मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन ते सुरतेला परतत होतं. पुढच्याच वर्षी एव्हरी 'फॅन्सी' हे आपलं जहाज घेऊन पोचला तो बहामा बेटांतल्या न्यू प्रॉव्हिडन्सला, म्हणजे आजच्या नासाऊला. तिथल्या गव्हर्नराला त्याने हस्तिदंतासकट घसघशीत नजराणा दिला. इकडे सुरतेची इंग्रजांची वखार बंद पडली, वखारवाले कैदेत गेले आणि मुंबईच्या इंग्रजांना मोगली स्वारीची धास्ती लागली.

आपल्या लेखातलं प्रोव्हिडेन्सिया त्या न्यू प्रॉव्हिडन्सच्या नैर्ऋत्येला, हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत ते 'ओल्ड प्रॉव्हिडन्स' म्हणून सापडतं. एव्हरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिथला माणूस हेन्री मॉर्गन. दोघांचंही पहिलं नाव हेन्री, त्यामुळे घोटाळ्यात आणखी भर.

निकाराग्वाच्या इतकं जवळ असूनही ते बेट कोलंबियाचं कसं? (वाचक, परळ)

निकाराग्वाचा किनारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, कोलंबियाची मुख्य भूमी त्याच्या तिपटीने लांब. पण १८२२ साली प्रोव्हिडेन्सिया आणि शेजारच्या बेटांनी बोलिव्हारच्या ग्रान कोलंबियात, म्हणजे आजच्या कोलंबियाच्या पूर्वीच्या मोठ्या प्रजासत्ताकात, सामील व्हायचं ठरवलं, १९२८ च्या तहाने निकाराग्वाने ते मान्य केलं, आणि पुन्हा वाद उकरला गेला तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये बेटं कोलंबियाकडेच ठेवली. भोवतालच्या समुद्राचा मोठा भाग मात्र निकाराग्वाला दिला. मासेमारांचं दुखणं तिथेच आहे.

समुद्रात शेकडो बेटं असताना चाच्यांनी नेमकं हेच का निवडलं? (निवृत्त बंदर कर्मचारी, माझगाव)

बंदरात काम केलेल्या माणसाचाच हा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं कारण पाणी. शेजारचं सान आंद्रेस बेट, दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर, प्रवाळाच्या चुनखडीचं आणि सपाट आहे. तिथे पडलेला पाऊस दगडातून झिरपून जातो, ओढे नाहीत. प्रोव्हिडेन्सिया ज्वालामुखीचं. मधोमध ३६० मीटर उंचीचं शिखर, माथेरानच्या निम्म्याहूनही कमी, पण ढग अडवायला पुरेसं. डोंगरातून गोडं पाणी पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत येतं. तिथल्या एका उपसागराचं नावच 'फ्रेशवॉटर बे' आहे. शंभर माणसांच्या जहाजाला प्यायला आणि रांधायला दिवसाला दोन-तीनशे लिटर पाणी लागतं. पिंप भरायला जागा नसेल तर तोफा असून उपयोग काय?

दुसरं कारण प्रवाळ. बेटाच्या पूर्वेला आणि उत्तरेला सुमारे ३२ किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. या भागात वर्षातले बहुतेक दिवस वारा ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणजे भिंत बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. लाटा तिच्यावर फुटतात, आतलं पाणी शांत राहतं. शिडाच्या मोठ्या स्पॅनिश गॅलिऑनचं बूड पाण्यात चार-पाच मीटर खोल जायचं; वारा पाठीशी असताना असं जहाज भिंतीजवळ नेणं म्हणजे ते खडकावर घालणं. चाच्यांची एका डोलकाठीची स्लूप दोन-अडीच मीटर पाण्यातही चालायची, आणि वाटाड्याला फटी ठाऊक असायच्या. मोठ्या जहाजाला खरी वाट वायव्येच्या बंदरातूनच, आणि त्या बंदराच्या तोंडावर सांता कातालिना हे एक चौरस किलोमीटरचं पिल्लू-बेट. त्याच्यावर तोफा बसवल्या की दाराला कडी लागली.

तिसरं कारण पत्ता. पेरूची चांदी पनामापर्यंत जहाजाने, मग खेचरांवरून पोर्तोबेलोला, तिथून कार्ताहेना आणि हवाना मार्गे स्पेनला जायची. पोर्तोबेलो इथून पाचशे किलोमीटरच्या आत.

गंमत अशी की हे सगळं प्रथम हेरलं ते चाच्यांनी नव्हे, देवभीरू प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) इंग्रजांनी. १६३० मध्ये लंडनमध्ये कंपनी निघाली, पार्लमेंटातला गाजलेला पुढारी जॉन पिम तिचा खजिनदार होता. उद्देश तंबाखू-कापूस पिकवणं आणि धर्माने वागणं. १६३५ मध्ये स्पॅनिशांनी हल्ला केला, तो फसला, आणि मग या मंडळींनी राजाकडून स्पॅनिश जहाजं धरायची परवानगी मिळवली. शेतीपेक्षा हा धंदा बरा चालला. शेती गुलामांच्या जिवावर होती; १६३८ मध्ये त्यांनी बंड केलं. १६४१ मध्ये फ्रान्सिस्को दिआस पिमिएन्ताच्या आरमाराने बेट जिंकलं आणि प्युरिटन पर्व संपलं.

आम्ही होडी भरतीला वर घेतो, ओहोटीला ती कलते, मग बूड साफ करतो. चाचेही जहाज कलतं करत म्हणे. पद्धत हीच का? (वाचक, वर्सोवा)

काम तेच, पद्धत वेगळी, कारण तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं. कॅरिबियन समुद्रात हा फरक साधारण वीतभर ते हातभर. तुमचं अर्धं काम समुद्र फुकट करतो. तिथे ते माणसांना करावं लागे.

आधी तोफा, दारूगोळा, पिंपं, जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेले दगड, सगळं किनाऱ्यावर. हलकं झालेलं जहाज आडोशाच्या बाजूच्या उथळ, वाळूच्या तळावर आणायचं. डोलकाठीच्या वरच्या टोकाला जाड दोर, दोराला कप्प्या, दुसरं टोक किनाऱ्यावरच्या भक्कम झाडाला. मग सगळ्यांनी ओढायचं. एक कूस पाण्याबाहेर आली की पेटत्या काटक्यांच्या जुड्यांनी शेवाळ आणि जुना लेप जाळायचा, खरवडायचं, फटींत दोरखंडाचा पिंजलेला काथ्या ठोकायचा, वर डांबर, चरबी आणि गंधकाचा लेप. मग दुसरी कूस. आपल्या जुन्या गलबतांना चुना आणि तेल चोपडत, त्यामागचं कारणही तेच : लाकूड पोखरणारी, शिंपल्याच्या कुळातली कीड. उष्ण पाण्यात ती काही महिन्यांत फळीची चाळण करते.

चुकायचं कुठे? दोर एकदम ओढला तर डोलकाठी मोडे. तोफांच्या खिडक्यांच्या झडपा नीट बंद नसल्या तर पाणी आत शिरे. आणि सगळ्यात वाईट, या दिवसांत शत्रू आला तर तोफा वाळूत आणि जहाज आडवं. म्हणून बाहेरून न दिसणारी खाडी लागे. सौंदर्यासाठी आज ज्या किनाऱ्यांचे फोटो निघतात, ते त्या काळी गोदीच होते.

मॉर्गनला चाचा म्हणायचं आणि कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे. मुलांना वर्गात काय सांगावं? (शिक्षिका, डोंबिवली)

आधी कागद कोणाचा ते विचारायला सांगा. सनद नसताना लुटणारा तो चाचा. राजाची किंवा गव्हर्नराची सनद घेऊन फक्त शत्रूची जहाजं धरणारा तो सनदी; लुटीतला हिस्सा सरकारला. मॉर्गनकडे जमैकाच्या गव्हर्नराची, थॉमस मॉडीफर्डची, सनद होती. स्पॅनिशांच्या लेखी ती रद्दी.

प्रोव्हिडेन्सियाचा प्रसंग वर्गात सांगण्यासारखा आहे. डिसेंबर १६७० मध्ये मॉर्गन तीसहून जास्त जहाजं घेऊन तिथे आला. स्पॅनिश अधिकाऱ्याकडे माणसं थोडी. त्याने निरोप पाठवला की शरण येतो, पण माझी अब्रू राहावी म्हणून थोडी लढाई दाखवा. मग रात्री दोन्ही बाजूंनी तोफा-बंदुका दणाणल्या, गोळे न घालता. लुटुपुटुची लढाई झाली आणि किल्ला मिळाला. हे लिहून ठेवलं आहे मॉर्गनच्या टोळीत शल्यकर्म करणाऱ्या एक्सक्वेमेलिनने. तिथली बंदुकीची दारू आणि वाटाडे घेऊन मॉर्गन पुढे गेला आणि जानेवारी १६७१ मध्ये पनामा घेतलं. अडचण एकच : इंग्लंड आणि स्पेनचा तह जुलै १६७० मध्येच झाला होता. त्याला पकडून लंडनला नेलं. दोन वर्षांनी, १६७४ मध्ये, 'सर' करून जमैकाला डेप्युटी गव्हर्नर म्हणून परत धाडलं! पुढे एक्सक्वेमेलिनचं लिखाण इंग्रजीत आलं तेव्हा मॉर्गनने प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि जिंकलाही. चाचा म्हटलेलं त्याला खपत नव्हतं.

कान्होजींचं माप वेगळं. ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. स्वतःच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने दस्तक घ्यावं, जकात द्यावी, नाही तर जहाज धरलं जाईल, हा राज्याचा हक्क ते बजावत होते. पोर्तुगीज कार्ताझ (समुद्रात फिरायचा परवाना) विकून हेच करत होते. इंग्रजांना दस्तक घ्यायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या दप्तरात कान्होजी चाचा झाले. मॉर्गन घरापासून दूर जाऊन दुसऱ्यांची शहरं लुटत होता. दोघांना एकाच शब्दात बसवणं आळशीपणाचं आहे. ज्या खांदेरीवरून मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, तिला आज कान्होजींचं नाव आहे आणि २०२५ पासून ती जागतिक वारशाच्या यादीतही आहे. वर्गाची सहल तिथे न्यावी.

खजिना! मॉर्गनने तिथे पुरलेलं सोनं अजून सापडलं नाही हे खरं का? (विद्यार्थी, ठाणे)

पुरल्याचाच पुरावा नाही. हिशेब बघ म्हणजे कळेल. मोहिमेआधी करार व्हायचा. उजवा हात गेला तर आठ रिआलची ६०० नाणी किंवा सहा गुलाम, डावा हात किंवा उजवा पाय ५००, डावा पाय ४००, डोळा किंवा बोट १००. ही भरपाई आधी बाजूला, मग उरलेल्याचे हिस्से. कप्तानाला पाच-सहा, पोरांना अर्धा. भरपाईत माणसंच मोजली जात, हे या 'रोमांचक' धंद्याबद्दल लक्षात ठेवण्यासारखं आहे. पनामाच्या लुटीतून माणशी जेमतेम २०० नाणी आली असं एक्सक्वेमेलिन सांगतो. एक नाणं सुमारे २७ ग्रॅम चांदीचं, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. लोक मॉर्गनवर चिडले, तो मागे न बघता जमैकाला निघून गेला. अशी लूट जमैकातल्या पोर्ट रॉयल बंदराच्या गुत्त्यांत दोन-चार आठवड्यांत संपायची. पुरायला उरत नव्हतं.

पुरल्याचं खात्रीचं उदाहरण विल्यम किडचं. १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ त्याने 'केदा मर्चंट' हे जहाज पकडलं आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही माल पुरला. तो लगेच उकरून खटल्यात पुरावा म्हणून लंडनला गेला. सगळ्या दंतकथा त्यावरून फुटल्या आहेत.

आणि समजा काही सापडलंच, तर कोलंबियात पुरातत्त्वीय वस्तू राष्ट्राच्या मालकीची असते. मेटल डिटेक्टर घरीच ठेव.

'सात रंगांचा समुद्र' ही जाहिरात की खरंच तसं दिसतं? आणि खेकड्यांची यात्रा कधी? (वाचक, वसई)

दिसतं. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळतं, निळा खोलवर जाऊ देतं. तळाला पांढरी वाळू आणि दोन मीटर पाणी असेल तर फिकट पोपटी, पाच-सात मीटरला फिरोजी, समुद्री गवत असेल तिथे काळपट हिरवा, प्रवाळावर तपकिरी झाक, आणि भिंतीपलीकडे तळ तुटला की एकदम शाईसारखा निळा. वाळू पांढरी कारण ती चुन्याची. तिच्यात प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांचा चुरा, आणि बराच भाग पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून शेपटीखालून सोडलेला. फोटो काढायचे तर सकाळी दहा ते दुपारी दोन, सूर्य डोक्यावर असताना. सकाळी सातला तेच पाणी करडं दिसतं आणि लोक हिरमुसतात. बघायची जागा क्रॅब के या चिमुकल्या बेटाचा माथा, मॅकबीन लगूनच्या राष्ट्रीय उद्यानात. होडीने जायचं, तिकीट असतं.

आपला समुद्र असा का नाही? खाड्यांचा गाळ आणि तो ढवळणारी भरती. प्रवाळ मात्र मुंबईतही आहेत. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या काही वसाहती कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हलवाव्या लागल्या.

खेकडा तिथला काळा, पायांवर लाल झाक असलेला, डोंगरातल्या जंगलात राहणारा. एप्रिल ते जुलै, पहिल्या पावसाच्या आगेमागे, अंडी पोटाखाली घेऊन माद्या रात्री पश्चिमेच्या किनाऱ्याकडे निघतात. कोकणात पहिल्या पावसात मुठे बाहेर पडतात, पण तुलना तिथेच संपते, कारण मुठे गोड्या पाण्याचे आणि हे अंडी झटकायला खाऱ्या पाण्यातच जातात. लाटेत उभी राहून मादी अंग हलवते, अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं काही आठवडे समुद्रात काढून नखाएवढी होऊन परत डोंगर चढतात. या काळात खेकडा पकडायला बंदी असते आणि पश्चिमेचा रस्ता रात्री वाहनांना अडवतात. बघायचं तर चालत, लाल काच लावलेला टॉर्च घेऊन. पांढऱ्या झोताने त्या थबकतात.

२०२० च्या वादळाने सगळं उद्ध्वस्त झालं असं वाचलं. जंगल परत आलं का? (वाचक, ऐरोली)

१६ नोव्हेंबर २०२० ला 'आयोटा' बेटाच्या अगदी जवळून गेलं, वाऱ्याचा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. सरकारी आकड्याप्रमाणे ९८ टक्के बांधकामांना फटका बसला. डोंगरावरची झाडं निष्पर्ण झाली, पण त्यांच्यात पालवी लवकर आली. खरी जखम कांदळवनाला, आणि त्यातही सगळ्या जातींना सारखी नाही. ऐरोलीच्या खाडीत तुम्ही रोज पाहता ते तिवर मोडलं तरी खोडातून नवे धुमारे काढतं. प्रोव्हिडेन्सियाच्या मॅकबीन लगूनमध्ये पाण्यालगत आहे ते कांदळाच्या जातीचं, पायांसारख्या मुळांवर उभं राहणारं. त्याच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे नसतात. शेंडा गेला, फांद्या गेल्या की झाड संपलं. त्यामुळे तिथे बियांपासून रोपं वाढवून लावावी लागली. शेंगेसारखी लांब बी नुसती चिखलात खोचली की झालं, असं वाटतं. पण मेलेल्या झाडांचे ओंडके लाटांबरोबर सरकत राहिले तर कोवळी रोपं चिरडतात, आणि पाण्याची ये-जा अडली असेल तर मुळं गुदमरतात. आधी वाट मोकळी करायची, मग लावायचं.

तिथे विषारी झाड आहे म्हणतात. लहान मुलं बरोबर असतील. (वाचक, मुलुंड)

आहे, आणि एका किनाऱ्याला त्याचंच नाव आहे : मँचिनील बे, स्पॅनिशमध्ये मान्सानिओ. एरंडाच्या कुळातलं झाड, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड. चीक बिब्ब्यासारखा कातडी उठवतो, डोळ्यात गेला तर जास्त वाईट. नियम तीन. वाळूत पडलेलं फळ चाखायचं नाही. पावसात झाडाखाली उभं राहायचं नाही, थेंबांबरोबर चीक येतो. त्याची लाकडं जाळायची नाहीत. लागलाच तर साबण-पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टरकडे.

पाण्यात सिंहमासा सांभाळा. तो मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. तिकडे सोडला गेला आणि त्याला खाणारं कोणी नसल्याने माजला. काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवायचा. उष्णतेने विष निकामी होतं. बर्फ लावू नका.

मुंबईहून जायचं कसं? (बरेच वाचक)

मुंबईहून इस्तंबूल, माद्रिद, पॅरिस किंवा अशाच एखाद्या विमानतळावर बदलून बोगोता. बोगोताहून सान आंद्रेस दोन तास. तिथून वीसेक आसनांच्या विमानाने वीस मिनिटं किंवा कॅटामरान बोटीने साडेतीन-चार तास. बोट डिसेंबर ते फेब्रुवारीच्या वाऱ्यात फार उसळते; मागच्या बाजूला, मधोमध बसा आणि मळमळीची गोळी तासभर आधी घ्या, निघाल्यावर नव्हे. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कडक. सान आंद्रेसचं पर्यटक कार्ड बोगोतालाच, विमानात चढण्याआधी विकत घ्यावं लागतं. जाता-येता सान आंद्रेसला एक मुक्काम मोकळा ठेवा. एक फेरी रद्द झाली की पुढची सगळी तिकिटं कोसळतात.

व्हिसा : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा शेंगेनचा किमान १८० दिवस वैध व्हिसा असेल तर कोलंबियाचा वेगळा लागत नाही. नसेल तर ऑनलाइन अर्ज. नियम बदलतात, तिकिटाआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. मधल्या विमानतळाच्या ट्रान्झिट व्हिसाचंही तेव्हाच.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते परतताना. कोलंबिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. लसीचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, आगाऊ वेळ घेऊन. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना देत नाहीत. साठीपुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते केंद्रातच तपासा.

हवामानाला जानेवारी ते एप्रिल बरे. वीज ११० व्होल्ट, मोबाइलचा चार्जर चालतो, इस्त्री नाही. रोख पेसो बरोबर ठेवा. स्कूबा केलंत तर त्यानंतर किमान १८ तास विमान नको, वीस मिनिटांचंही नको. आणि शंख-प्रवाळ आणू नका : तिथला मोठा गुलाबी शंख आणि प्रवाळ यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर निर्बंध आहेत, परवान्याशिवाय कस्टमवर जप्त होतात.

तिथलं रोन्डोन नावाचं माशाचं कालवण आपल्याकडे जमेल का? (वाचक, माहीम)

माहीमला नाही तर कुठे जमणार? चौघांसाठी : दोन मोठे नारळ, साडेसातशे ग्रॅम सुरमईचे किंवा घोळीचे बोटभर जाड तुकडे, ३०० ग्रॅम टॅपिओकाचा कंद (माटुंग्याच्या बाजारात), ३०० ग्रॅम नीरफणस, दोन कच्ची केळी, एक कांदा, सहा लसूण पाकळ्या, पानओव्याची पाच-सहा पानं, दोन अखंड हिरव्या मिरच्या, मिरी. नीरफणस नसेल तर कोनफळ. तिकडे खारवलेलं डुकराचं शेपूट घालतात. त्याऐवजी ५० ग्रॅम खारवलेली सुरमई तासभर भिजवून घ्या. गोळ्यांसाठी १५० ग्रॅम मैदा, चिमूट मीठ, ८० मिली पाणी. घट्ट मळून बोटाएवढ्या चपट्या वळकट्या.

टॅपिओकाची साल आणि आतलं गुलाबी आवरण दोन्ही काढा, तुकडे पाण्यात पूर्ण शिजवा आणि ते पाणी फेका. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. नारळाचं पहिलं-दुसरं दूध एकत्र, साधारण सव्वा लिटर. ते कांदा, लसूण, मिरी, खारी सुरमई घालून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं ढवळत आटवा. मग केळी आणि नीरफणस, दहा मिनिटांनी टॅपिओका आणि मैद्याच्या वळकट्या, आणखी दहा मिनिटांनी वर मासा, पानओवा, मिरच्या. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं. मीठ शेवटी चाखून.

बिघडतं ते असं. सुरुवातीलाच भडक आच दिली तर दूध फाटून रवाळ होतं. शेवटी कडेने तेल सुटलं तर मात्र ते हवंच, नावाचा अर्थच 'आटून खाली आलेलं'. मासा घातल्यावर ढवळला तर त्याचा चुरा होतो, भांडंच हलवावं. मिरची फुटली तर सगळं तिखटजाळ. वळकट्या जाड झाल्या तर मधे कच्च्या राहतात. कोकम टाकायचा मोह होईल; टाकलंत तर छान मालवणी कालवण होईल, रोन्डोन होणार नाही.